घानाला जाताना आणि परतल्यावर

सांगलीच्या एका वाचक भगिनींचे पत्र गेल्या आठवड्यात हाती आले. त्यांचे वय ६३, रक्तदाबाची एक गोळी चालू, एरवी प्रकृती उत्तम. जावई पश्चिम आफ्रिकेतील घाना या देशात, तेमा नावाच्या बंदराच्या शहरात नोकरीस आहेत. मुलीला सातवा महिना लागला असून बाळंतपण तिकडेच करण्याचे ठरले आहे, आणि त्यासाठी आई-वडील दोघेही डिसेंबरच्या आरंभी दोन महिन्यांसाठी निघत आहेत. पत्रात त्या विचारतात, ‘‘तिकडे लुटालूट फार होते असे सगळे सांगतात. मंगळसूत्र घरीच ठेवून काळी पोत घालून जाणार आहे. याखेरीज सुरक्षिततेसाठी आणखी काय करावे?’’

काळ्या पोतीचा निर्णय योग्यच आहे. चोरांविषयीही लिहीन, पण शेवटी. कारण वाचकहो, घानाला जाणाऱ्या मराठी माणसाला खरे भय चोराचे नाही. ते डासाचे आहे, रस्त्याचे आहे, थोडेफार पाण्याचे आहे. आणि त्यातले सर्वांत मोठे भय परत आल्यावरच्या पहिल्या महिन्यात, आपल्या स्वतःच्या घरात, आपल्याच पलंगावर आपली वाट पाहत असते.

प्रथम देशाची थोडी ओळख. घाना आकाराने महाराष्ट्राहून लहान. लोकसंख्या तीन कोटींहून अधिक. दक्षिणेला गिनीचे आखात, त्याच्या काठी राजधानी अक्रा, आणि अक्राच्या पूर्वेला जवळच तेमा. शून्य रेखांश या तेमा शहरावरूनच जातो, त्यामुळे तिथले घड्याळ आपल्याहून साडेपाच तास मागे असते. राज्यकारभाराची भाषा इंग्रजी. माणसे मनमिळाऊ. माझा भाचा काही वर्षे तेमाला होता, तेव्हा तीन आठवडे मलाही तिथे राहण्याचा योग आला होता. निघण्यापूर्वी मैत्रिणींनी मला इबोलाची भीती घातली होती. वास्तविक २०१४ ते २०१६ या काळात इबोलाची जी भयंकर साथ आली, ती गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या देशांत. घानात तिचा एकही रुग्ण आढळला नाही; उलट त्या साथीशी लढणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या पथकाचे मुख्य ठाणेच अक्रात होते. दूरच्या देशाविषयी आपण भलत्याच गोष्टीला भितो आणि ज्याला भ्यायला हवे त्याला ‘अहो, हे तर आपल्याकडेही असते’ म्हणून सोडून देतो.

मलेरियाचे नेमके हेच होते. मलेरिया आपल्याला नवा नाही. घरातील कोणाला तरी तो कधी ना कधी होऊन गेलेला असतो; थंडी वाजून ताप, दोन गोधड्या, रक्ततपासणी, गोळ्या, आठवडाभर अशक्तपणा, की संपले. पण आपल्या शहरांतून दिसणाऱ्या मलेरियाचा मोठा भाग ‘व्हायवॅक्स’ या परजीवीचा असतो. पश्चिम आफ्रिकेत तो जवळजवळ नाहीच, कारण तिथल्या बहुसंख्य लोकांच्या तांबड्या पेशींवर व्हायवॅक्सला आत शिरण्यासाठी लागणारे प्रथिनच नसते. तिथे राज्य आहे ते ‘फाल्सिपेरम’चे. हा परजीवी शिरलेल्या तांबड्या पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसतात. मेंदूत, मूत्रपिंडात, फुप्फुसात रक्ताची वाट अडते. एक दिवसाआड हुडहुडी भरून येणारा ताप, ही आपली ठरलेली खूण तो पाळीलच असे नाही. कधी नुसते अंग मोडून येते, कधी डोके दुखते, कधी जुलाबांनीच सुरुवात होते. निरोगी, धडधाकट माणूस दोन-चार दिवसांत अत्यवस्थ होऊ शकतो.

एक प्रसंग सांगते. त्यात चूक माझी आहे, म्हणूनच सांगते. कुमासी या घानातील शहरात यंत्रे बसविण्याच्या कामावर असलेला आमच्या आळीतला एक गृहस्थ गणपतीसाठी घरी आला होता. गौरी बसल्या त्या दिवशी त्याला ताप भरला. मी त्याला लहानपणापासून ओळखते, त्याच्या गोवराची नोंद माझ्या दवाखान्यात आहे. बाहेर पाऊस कोसळत होता, घरोघरी सर्दी-ताप होता. ‘‘भिजला असशील,’’ मी म्हटले, आणि तापाच्या गोळ्या दिल्या. ‘कुठून आलास’ हा एक प्रश्न विचारला नाही, कारण तो कुठला हे मला ठाऊक आहे असे मी धरून चालले होते. त्यानेही सांगितले नाही. तिकडे त्याला वर्षातून एकदा-दोनदा मलेरिया होई आणि बरा होई. आता आपल्या अंगाला तो सवयीचा झाला, असा त्याचा समज होता. चौथ्या दिवशी घरचे त्याला घेऊन आले तेव्हा डोळे पिवळे झाले होते आणि तो बरळत होता. रक्त तपासले, फाल्सिपेरम होता. पुढे अतिदक्षता विभागात शिरेतून आर्टेसुनेटची इंजेक्शने, दोनदा डायलिसिस. तो वाचला, आज उत्तम आहे. पण त्या चार दिवसांपैकी तीन दिवस माझ्या हिशेबाला आहेत.

त्याचा समजही तपासून पाहू. घानात जन्मून वाढलेल्या माणसाला लहानपणापासून पुन्हा पुन्हा संसर्ग होऊन काही प्रमाणात प्रतिकारशक्ती येते हे खरे. परंतु चार-पाच वर्षे नोकरीसाठी राहिलेल्या परक्या माणसाने तिच्यावर विसंबू नये. आणि ज्याला ती आलेली असते त्याचीही, तो देश सोडला की, ओसरत जाते. दोन महिन्यांसाठी गेलेल्या सासू-सासऱ्यांना तर ती नसतेच. लहानपणी आपल्याकडे झालेला मलेरिया इथे कामी येत नाही.

म्हणून प्रतिबंधक गोळ्या. घानात कोणत्याही ऋतूत, कोणत्याही भागात, राजधानीतसुद्धा मलेरियाचा धोका असतो आणि तिथला परजीवी क्लोरोक्विनला दाद देत नाही. प्रचलित औषधे तीन आहेत. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल रोज घ्यावे लागते. प्रवासाच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर सात दिवसांपर्यंत. डॉक्सिसायक्लिनही रोजचे, तेही एक-दोन दिवस आधी सुरू होते, परंतु परतल्यावर पूर्ण चार आठवडे चालू ठेवावे लागते. गर्भवती स्त्रियांना आणि आठ वर्षांखालील मुलांना ते देत नाहीत, आणि ज्यांना देतात त्यांची त्वचा उन्हाने लवकर भाजते. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदा, निदान दोन आठवडे आधीपासून ते परतल्यावर चार आठवड्यांपर्यंत. पण फिट्स येणाऱ्यांना, मानसिक आजार असलेल्यांना, हृदयाचे ठोके अनियमित असलेल्यांना ते वर्ज्य समजावे. यांपैकी आपल्याला कोणते, हे आपल्या इतर औषधांची चिठ्ठी समोर ठेवून डॉक्टरांनाच ठरवू द्या, आणि निघण्याच्या निदान सहा आठवडे आधी त्यांच्याकडे जा. यातली काही औषधे छोट्या गावी मागवून घ्यावी लागतात. कडुलिंबाचा रस, गुळवेलीचा काढा, पपईच्या पानांचा अर्क यांविषयी अनेक वाचकांच्या मनात आदर आहे. त्या आदराला धक्का न लावता एवढेच म्हणते, की फाल्सिपेरमसमोर यांपैकी कशावरही भिस्त ठेवू नका.

गोळ्यांच्या बाबतीत सर्रास होणारी चूक म्हणजे विमान मुंबईला उतरले की त्या बंद करणे. डास चावल्यावर परजीवी आधी यकृतात दडून बसतो आणि आठवड्याभराने किंवा त्याहून उशिरा रक्तात उतरतो. निघण्याच्या आदल्या रात्री चावलेल्या डासाचे देणे घरी आल्यावर फेडायचे असते. परतल्यानंतरच्या गोळ्या त्याचसाठी आहेत.

गोळ्या घेतल्या तरी मच्छरदाणी सुटत नाही. मलेरियाचा डास रात्रीचा, विशेषतः उत्तररात्रीचा. औषधात बुडविलेली मच्छरदाणी तिथे सहज मिळते. ती गादीखाली नीट खोचावी, नुसती लोंबती ठेवू नये. संध्याकाळपासून पूर्ण बाह्यांचे कपडे, पायांत मोजे आणि उघड्या अंगाला डीट हे द्रव्य निदान २० टक्के असलेले मलम. दोन महिन्यांखालील बाळाला मात्र असे मलम लावू नये. त्याच्यासाठी पाळण्यावर जाळी, आणि ती आजीच्या डोळ्यांसमोर.

सांगलीच्या भगिनींच्या मनात या ठिकाणी लेकीची काळजी दाटून येईल. गरोदरपणात मलेरिया अधिक तीव्र होतो आणि बाळालाही झळ पोहोचते, हे खरे आहे. परंतु तिथल्या प्रसूतिपूर्व तपासण्यांमध्ये गर्भवतींना मलेरिया-प्रतिबंधक गोळ्यांचे डोस देण्याची राष्ट्रीय पद्धत आहे. आपल्या मुलीचे ते डोस चालू आहेत ना आणि ती रोज मच्छरदाणीत झोपते ना, एवढे फोनवर विचारा. माझ्या अनुभवाने सांगते, घानात ताप आला तर मला फारशी चिंता वाटत नाही. तिथल्या कोणत्याही बऱ्या दवाखान्यात तापाच्या माणसाची मलेरियाची तपासणी आधी होते, बाकीचे प्रश्न नंतर. चिंता वाटते ती तोच ताप मिरजेला किंवा चिपळूणला आला तर.

‘लस नाही का?’ असेही कोणी विचारील. आहे, आणि तिचे आपल्या पुण्याशी नाते आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाने विकसित केलेली ‘आर-२१’ ही मलेरियाची लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते, आणि तिला जगात सर्वप्रथम मान्यता दिली ती घानाने, एप्रिल २०२३ मध्ये. मात्र ती तिथल्या पाच महिने ते तीन वर्षे वयाच्या बालकांसाठी आहे, पाहुण्यांसाठी नाही. आपल्याला गोळ्या आणि जाळी, एवढेच.

लस घ्यावी लागते ती पीतज्वराची, म्हणजे यलो फीव्हरची. नावावरून ही आपली कावीळ समजू नये. हा निराळा विषाणू असून तो दिवसा चावणाऱ्या एडिस डासामार्फत पसरतो. २०२१ च्या अखेरीस घानाच्या सवाना प्रदेशात त्याची साथ आली होती. नऊ महिन्यांवरील प्रत्येक प्रवाशाकडे या लसीचे प्रमाणपत्र असल्याशिवाय घानात प्रवेश नाही. ही लस केंद्र सरकारने नेमलेल्या ठराविक केंद्रांतच मिळते. मुंबई-पुण्यात अशी केंद्रे आहेत, पण वार आणि वेळ ठरलेले असतात, तेव्हा आधी नाव नोंदवून जावे. टोचल्यापासून दहा दिवसांनी ते पिवळे पुस्तक ग्राह्य ठरते. म्हणजे तिकिटाच्या तारखेपूर्वी दहा दिवस ही अगदी शेवटची मर्यादा. जुलै २०१६ पासून एकदा घेतलेली लस आयुष्यभरासाठी मानली जाते.

हे पुस्तक परत येतानाही हातात लागते, आणि हे अनेकांच्या लक्षात नसते. पीतज्वराच्या देशातून येणाऱ्या ज्या प्रवाशाकडे ते नसेल, त्याला आपल्याच विमानतळावर अडवून सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. रागावू नका. भारतात पीतज्वर नाही, पण त्याला पसरविणारा डास मात्र गल्लोगल्ली आहे. डेंग्यूचा तोच हा डास. एकदा विषाणू इथे शिरला तर काय होईल, याची ती धास्ती आहे.

आता वयाचा मुद्दा. ही लस क्षीण केलेल्या जिवंत विषाणूची असते. साठीनंतर ती पहिल्यांदाच घेताना गंभीर दुष्परिणामांची शक्यता, मुळात फार कमी असली, तरी तरुणांपेक्षा अधिक असते. अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी असलेल्यांनी, कर्करोगाचे उपचार किंवा अन्य कारणाने प्रतिकारशक्ती खालावलेल्यांनी आणि थायमस ग्रंथीचा विकार असलेल्यांनी ती घेऊ नये. त्यामुळे ६३ वर्षांच्या आजींनी आणि त्यांच्याहून मोठ्या आजोबांनी केंद्रावर जाऊन नुसता दंड पुढे करू नये. आधी आपल्या डॉक्टरांशी सविस्तर बोलावे. प्रकृती धडधाकट असेल आणि जाणे खरोखर आवश्यक असेल, तर बहुधा लस घेण्याकडेच कौल पडतो. प्रकृतीच्या कारणाने ती देता येत नसेल तर तसा वैद्यकीय दाखला मिळतो. पण तो स्वीकारायचा की नाही हे त्या देशाच्या हाती, आणि अंगात संरक्षण नसते ते नसतेच. अशा वेळी आजोबांनी मागे राहावे, असे सांगायलाही मी कचरणार नाही. नातवाचे तोंड चार महिन्यांनी पाहिले तरी चालते. तान्ह्या बाळाला ही लस देत नाहीत. त्याला घेऊन भारतात यायचे असेल तर त्याविषयीचा चालू नियम तिकिटे काढण्यापूर्वीच विचारून घ्यावा.

या लसीची एक कथा मला फार आवडते. १९२७ साली, घाना तेव्हा गोल्ड कोस्ट नावाची ब्रिटिश वसाहत असताना, असिबी नावाच्या एका तापाने फणफणलेल्या तरुणाचे रक्त संशोधकांनी घेतले आणि ते ऱ्हीसस जातीच्या माकडाला टोचले. उत्तर भारतात देवळांच्या कळसांवर उड्या मारणारे तांबड्या तोंडाचे माकड ते हेच. माकड आजारी पडले, विषाणू हाती आला. असिबी बरा झाला. पण या संशोधनापायी अनेकांनी प्राण गमावले. १९२८ मध्ये खुद्द अक्रातच हिदेयो नोगुची हा विख्यात जपानी शास्त्रज्ञ याच तापाने गेला. पुढे मॅक्स थेलर यांनी असिबीच्या रक्तातील त्याच विषाणूपासून लस सिद्ध केली, तिला १९५१ चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि आजही जगभर टोचली जाणारी लस त्याच वंशाची आहे. घानाला जाणारा प्रवासी मुळात घानातूनच आलेले संरक्षण दंडात घेऊन जातो.

बाकीच्या लसींविषयी थोडक्यात : विषमज्वर आणि ‘अ’ प्रकारची कावीळ यांच्या लसींबद्दल विचारून घ्यावे. देशाच्या उत्तर भागात, तमालेकडे जायचे असेल तर मेंदूज्वराची चौगुणी लस घ्यावी, कारण डिसेंबर ते जून हा तिथे त्या साथीचा काळ. कुत्रे चावले तर तिथेही नियम आपलाच : साबण आणि वाहते पाणी पंधरा मिनिटे, आणि त्याच दिवशी लस.

आता रस्ता. घानात वाहने उजव्या बाजूने चालतात. पूर्वी डावीकडून चालत, १९७४ साली बदल केला. रस्ता ओलांडताना आपली मान जन्माच्या सवयीने आधी उजवीकडे वळते, आणि तिथे गाडी येते ती डावीकडून. पहिल्याच दिवशी मी अशी पाऊल टाकती झाले आणि भाच्याने दंड धरून मागे ओढले. पुढचे तीन आठवडे मी लहान मुलीसारखा त्याचा हात धरूनच रस्ता ओलांडत असे. तुम्हीही खुशाल धरा. ट्रोट्रो नावाच्या खचाखच भरलेल्या छोट्या बसगाड्या स्वस्त असतात, पण त्यांचे ब्रेक आणि चालकाची झोप यांची खात्री नसते. घरातील ओळखीची गाडी, मागच्या आसनावरही पट्टा, आणि अंधार पडल्यावर शहराबाहेरचा प्रवास नाही, हे तीन नियम पाळले तरी पुष्कळ. रस्त्याच्या कडेला उघडी गटारे असतात आणि वीज जाते. वीज जाण्या-येण्याला तिथे ‘डुमसोर’ असा खास शब्द आहे. साठीच्या माणसाचे खुब्याचे हाड मोडायला तेवढे पुरते. खिशात छोटी बॅटरी ठेवावी.

पाण्याचे दोन प्रकार. एक समुद्राचे. लाबादी किंवा केप कोस्टचा किनारा दिसतो मोहक, पण गिनीच्या आखातात माणसाला आत ओढून नेणारे प्रवाह जोरदार असतात. मालवणात पोहणाऱ्यांनीही तिथे गुडघ्याच्या पुढे जाऊ नये. दुसरे गोड्या पाण्याचे, आणि हे अधिक फसवे. अकोसोम्बो धरणामुळे १९६०च्या दशकात व्होल्टा नदीवर प्रचंड जलाशय झाला. त्याच्या संथ, स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात एका जातीच्या गोगलगायी असतात, त्यांच्यातून सुटलेले सूक्ष्म कृमी माणसाच्या अखंड त्वचेतून आत शिरतात आणि मूत्राशयाचा किंवा आतड्यांचा विकार करतात. बिल्हार्झिया असे त्याचे नाव. आपल्या देशात हा रोग जवळजवळ नाहीच. मात्र रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या गावात तो आढळल्याची नोंद १९५२ मध्ये झाली होती, आणि वैद्यकाच्या पुस्तकांत त्या कोकणी गावाचे नाव कायमचे राहिले. व्होल्टाच्या काठी बसून मासे तळताना पाहावेत, नावेतून फिरावे, पण पाय सोडून बसू नये. कोणी उतरलेच असेल, तर लक्षणे नसली तरी परतल्यावर दोन-तीन महिन्यांनी लघवी-शौच आणि रक्ताची तपासणी करावी. यावर औषध आहे.

पिण्याचे पाणी तिथे अर्ध्या लिटरच्या बंद पिशव्यांतून मिळते. लोक कोपरा दातांनी तोडून पितात. कोपरा आधी पुसावा, किंवा कात्रीने कापून पेल्यात ओतावे. शाकाहारींनी लक्षात घ्यावे की वालासारख्या शेंगाबियांच्या कालवणातही सुक्या माशांची पूड असू शकते, विचारून खावे. तळलेल्या मसालेदार केळ्यांचे ‘केलेवेले’ मात्र निःशंक खावे, अर्थात समोर गरम काढलेले. डिसेंबर ते फेब्रुवारी हरमतान नावाचा सहाराकडचा कोरडा, धुळकट वारा वाहतो. दम्याच्या रुग्णांनी आपले पंप पुरेसे न्यावेत. सर्वच नेहमीची औषधे दोन महिन्यांना पुरतील त्याहून पंधरा दिवस अधिक, मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि हातातल्या पिशवीत ठेवावीत. चिठ्ठीवाचून कोडीन असलेले खोकल्याचे औषध किंवा ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामक गोळी नेऊ नये. अशा औषधांच्या गैरवापराने तो देश त्रासलेला आहे.

राहिले चोर. माकोलासारख्या गर्दीच्या बाजारात खिसेकापू असतात, रस्त्यावर हातातला फोन हिसकावला जातो. दादर स्थानकाबाहेर जितके सावध असता तितके सावध असा, आणि रात्री पायी फिरू नका. सोन्याच्या नावाने मात्र अधिक सावध. घाना सोन्याचा देश आहे, आणि ‘थेट खाणीतून स्वस्त सोने’ देणारा गृहस्थ जावयाच्या ओळखीतून भेटला तरी तो ठकच समजावा. विमानतळ, पोलीस, सैनिक यांची छायाचित्रे काढू नयेत. लष्करी ठिपक्यांचे कपडे सामान्य नागरिकांना तिथे निषिद्ध आहेत, तेव्हा नातवासाठी तसे झबले नेऊ नका. उत्तरेकडील बावकू परिसर आणि बुर्किना फासोच्या सीमेचा भाग टाळावा. डाव्या हाताने काही देऊ-घेऊ नये, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. दुकानात शिरताच काही मागण्याआधी ‘गुड मॉर्निंग’ म्हणावे. न म्हणणे तिथे उद्धटपणा समजतात. आणीबाणीचा क्रमांक ११२. भारतीय उच्चायुक्तालय अक्रात आहे; त्याचा पत्ता आणि फोन कागदावर लिहून पासपोर्टासोबत ठेवावा. परदेशातील उपचारांचा आणि गरज पडल्यास विमानाने हलविण्याचा खर्च देणारा विमा साठीनंतर महाग पडतो, तरी उतरवावाच.

आणि परत आल्यावर. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर परतीची तारीख लाल पेनाने लिहा. त्या दिवसापासून पहिला महिना सर्वांत जोखमीचा, तीन महिन्यांपर्यंत दक्षता, आणि क्वचित वर्षभरानेही हा मलेरिया डोके वर काढतो. या काळात ताप आला, मग तो १०० असो की १०३, गोळ्या नियमित घेतलेल्या असोत की नसोत, तो अंगावर काढायचा नाही. त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्री, रक्त तपासायचे. पहिली तपासणी स्वच्छ आली तरी ताप राहिल्यास बारा ते चोवीस तासांनी पुन्हा, आणि गरज पडल्यास तिसऱ्यांदा. डॉक्टरांच्या खुर्चीसमोर बसताच पहिले वाक्य ‘ताप आला आहे’ हे नसावे. ‘मी घानाहून अमुक तारखेला आलो आहे, आणि ताप आला आहे’ असे असावे. डॉक्टर तुम्हाला लहानपणापासून ओळखत असतील, तर आवर्जून दोनदा सांगा.

सांगलीच्या भगिनींना एक विनंती : निघण्यापूर्वी हे वाक्य मागे राहणाऱ्या सूनबाईंनाही सांगून ठेवा. ताप चढल्यावर ते सांगण्याचे भान आपल्याला असेलच असे नाही. बाळ-बाळंतीण सुखरूप असल्याचे पत्र अवश्य पाठवा.